चंगीझखान, मुक्काम सासुरवाडी

"म्हणजे खान होतच नाही?"

"नाही."

"जन्मतो तरी का?"

"जन्मतो की! पहिल्या अंकात चांगला नऊ वर्षांचा झालाय. तो श्रीपती मास्तरांचा अंक, त्याला मी हात लावलेला नाही. दुसऱ्यापासून पुढचे माझे."

"आणि तुझ्या अंकांत?"

"तुमचा तेमूजिन सासुरवाडीला राहतो. घोडींच्या धारा काढतो."

"चंगीझखान धारा काढतो?"

"चंगीझखान कुठला आलाय? त्यासाठी माणसाला घराबाहेर पडावं लागतं. हा पडत नाही. सासरा म्हणतो राहा, बायको म्हणते राहा, हा राहतो. संपलं."

"संपलं? अगं, अर्धं जग जिंकलं त्याने!"

"माझ्या नाटकात नाही जिंकलं."

पडवीतल्या बाकावर घोड्यावर बसल्यासारखी मांड ठोकून बसलेला आत्माराम भाटकर खाली उतरला. डोक्यावर नवी कल्हई केलेलं पितळेचं पातेलं, पातेल्याच्या काठाला खळीने चिकटवलेले बोकडाचे केस, कमरेला लाकडी तलवार. एरवी हा माणूस पडवीत खाकरला तरी आळीच्या टोकाला कळायचं. आत्ता मात्र तो नुसता पुटपुटला.

"हेमा, तू हे मुद्दाम केलंस."

"मुद्दामच," हेमा नारळ खवता खवता म्हणाली. "नाटक काय कोणी चुकून लिहितं?"

आत्मारामच्या काळजाला कुठे लागलं ते कळायला त्याची आधीची हकिगत माहीत हवी.

तो मूळचा लांज्याकडचा. वरकस जमीन, नाचणी, चार भाऊ. त्यातला हा धाकटा, आणि देवाने देताना सगळं सोडून फक्त आवाज दिलेला. त्या आवाजाच्या जोरावर तो रत्नागिरीच्या कचेरीत पट्टेवाला म्हणून चिकटला. काम काय, तर साहेब खुर्चीत बसले की व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांचा पुकारा करायचा. "धोंडू वल्द रामा, हाजिर होऽऽ!" असा तो ओरडला की धोंडू तर हाजिर व्हायचाच, पण बाजारात भाजी घेणारे दोनचार भलतेच लोकही कचेरीकडे धावत यायचे, आपलंच नाव घेतलं की काय म्हणून.

हाच आवाज ऐकून काशीरामाने त्याला जावई केला. काशीरामाला एकुलती एक हेमा. मुलगी सहा इयत्ता शिकलेली, जिभेने त्याहून जास्त. अट एकच होती: जावयाने इथे राहायचं. आत्माराम राहिला. त्या दिवसापासून रत्नागिरीत त्याला आत्माराम म्हणणारं कोणी उरलं नाही. तो झाला काशीरामाचा जावई. पुढे काशीराम वारला, विहिरीवरच्या माडांनाही नवी झावळं आली, तरी हा आपला काशीरामाचा जावईच.

राहता राहिलं नाटक. वाडीची मंडळी दर शिमग्याला देवळापुढे माडाच्या झापांचा मांडव घालून एक नाटक करायची. आत्माराम पहिल्या वर्षी द्वारपाल होता. मग राक्षस झाला. मग मुघल सरदार झाला, आणि तिथेच अडकला. नायक व्हायचं तर गावं लागतं, आणि सुराशी आत्मारामचं उभं वैर. त्यामुळे त्याने यावं, मिशीला पीळ भरावा, 'हा हा हा' करून मांडव हलवावा, आणि तिसरा अंक लागायच्या आत मरावं. तो मेला की टाळ्या पडायच्या. आपल्या मरणाला एवढ्या टाळ्या का, हा विचार तो करायचा नाही. कलावंताने फार खोलात जाऊ नये.

आणि मागच्या दिवाळीत श्रीपती मास्तर म्हणाले, "यंदा चंगीझखान करू. नायकच आहे, आणि गात नाही."

आत्मारामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच आलं होतं.

त्या दिवसापासून घरात खान शिरला. चहा 'हाजिर करो' झाला. कोठीच्या किल्ल्या म्हणजे 'जिंकलेल्या शहराच्या किल्ल्या'. शेजारची सखू उसनं मीठ मागायला आली, तर तिला "रयतेने खाली मान घालून बोलावं" असं ऐकून घ्यावं लागलं. सखूने मीठ घेतलं नाही. तीन दिवस अबोला धरला. एकदा मांजराने बांगडा पळवला तेव्हा आत्माराम पडवीतून गरजला, "गर्दन मारो!" मांजर ढिम्म हललं नाही. हेमा सगळं बघत होती. मंडळीची प्रॉम्प्टर तीच. इतकी वर्षं विंगेत झापाच्या आडोशाला बसून तिने गावच्या सगळ्या राजांना त्यांची वाक्यं पुरवली होती. बायकांनी रंगभूमीवर यायचं नाही, पण विंगेतली बाई कोणाला दिसत नाही, म्हणून चालायचं.

संक्रांतीच्या सुमाराला श्रीपती मास्तरांची बदली मालगुंडला झाली. एक अंक लिहून ते होडीत बसले. पुढचं कोण लिहिणार? मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती, तेव्हा माजघराच्या दारातून हेमा म्हणाली, "मी लिहिते." जिला सगळी नाटकं पाठ, तिला नको कोण म्हणणार? नवऱ्याने तर टाळ्या वाजवल्या. बायको लिहिणार म्हणजे भूमिका लांबणार!

आणि तिने अशी पाचर मारली.

दुसऱ्या दिवशी भांडण हरिहरपंतांच्या ओटीवर गेलं. पंत आंबेवाले, मंडळीचे आधारस्तंभ. बाग मोहरलेली, त्यामुळे माणूस खुशीत. ओटीवर आत्माराम, मंडळीचा नट बाबल्या आणि बाकीचे, दाराआड हेमा.

"पंत, इतिहासाचा खून आहे हा!" आत्माराम म्हणाला.

दारामागून आवाज आला, "खून नाही झाला म्हणूनच तर भांडतायत."

"पोरी, थांब जरा," पंत म्हणाले. "आत्माराम, नीट सांग. खान झाला नसता तर बिघडलं असतं काय?"

आत्मारामने रात्रभर जुळवाजुळव केली होती. तो उभा राहिला. कचेरीत वकील उभे राहतात तसा, एक हात कमरेवर.

"ऐका. चंगीझ नाही, तर तैमूर कोणाच्या नावावर मिशीला पीळ देणार? तैमूर नाही, तर बाबर नाही. बाबर नाही, तर दिल्लीला मुघल नाहीत. सगळा इतिहास कोसळला!"

"आतूभाव," बाबल्या हळूच म्हणाला. बाबल्या मंडळीची नायिका. दिवसा मांडवीला होड्या डांबरायचा आणि शिमग्यात मिशी काढायचा. "मुघल नाय, तं मंग तुम्ही आजपातूर मेलात ते कोण म्हणून?"

ओटी हसली. आत्मारामचा कमरेवरचा हात खाली आला. खरंच की. खान पुसला तर एकटा खान पुसला जात नव्हता. त्याच्यामागे आत्मारामची सगळी कारकीर्द, एकामागून एक मेलेले सगळे सरदार, मिशांसकट हवेत विरत होते. मागे उरत होता फक्त द्वारपाल.

पण त्याने शेवटचा बाण राखून ठेवला होता.

"पंत, दुसरी गोष्ट. खानाने रस्ते मोकळे केले. त्या रस्त्याने पश्चिमेचे फिरस्ते पूर्वेला गेले. घरी जाऊन त्यांनी इकडच्या वैभवाच्या गप्पा मारल्या. त्या ऐकून फिरंग्याच्या तोंडाला पाणी सुटलं. मग तो गलबतं घेऊन गोव्याला आला. आणि गोव्याला येऊन त्याने काय केलं?"

"काय केलं?"

"आंब्याची कलमं बांधली! खान नाही, तर फिरंगी नाही. फिरंगी नाही, तर हापूस नाही!"

पंतांनी मोहरलेल्या बागेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की आत्ताच कोणीतरी येऊन एकेक झाड उपटून नेतंय.

"हापूस नाही?"

"रायवळ चोखत बसले असते सगळे."

"पंत, घाबरू नका," हेमा दारातून म्हणाली. तिचा पदर आणि नाकाचं टोक तेवढं दिसत होतं. "फिरंगी मिऱ्यांसाठी आला. मिरी इथून जायला लागली तेव्हा खानाच्या खापरपणजोबाला घोडं माहीत नव्हतं. तो आलाच असता. दोन दिवस उशिरा आला असता, एवढंच."

"उशिरा आला तर कलमं उशिरा. मग माझ्या आजोबांनी बाग लावली कधी?"

"तुम्ही लावली असती, पंत. तेवढंच पुण्य तुमच्या नावावर."

पंतांना ते पटलंही आणि पटलंही नाही. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि अडचणीत सापडलेला रत्नागिरीकर जे करतो ते केलं. म्हणाले, "देवाला गाऱ्हाणं घालू. नारळ ठेवू. आत्मारामच गाऱ्हाणं घालू दे. तो जे मागेल आणि सगळे ज्याला व्हय म्हणतील, ते यंदाचं नाटक. मग कुरकुर नाही."

आत्मारामला हर्ष मावेना. गाऱ्हाणं तर तोच घालायचा. त्या आवाजापुढे धाकू गुरवाने केव्हाच हात टेकले होते. देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने तो मागायचा आणि बाकीचे वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. लगाम त्याच्याच हातात आला होता. दाराआड हेमा फक्त हसली, ते त्याला दिसायला हवं होतं.

सकाळी सगळे देवळात जमले. धाकूने नारळ ठेवला. आत्मारामने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या लेकरांनी जो काय नाटकाचा घाट घातलाय, तो तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचं काय चुकलंमाकलं असंल, तं पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज कळसाला लागला. आत्माराम तरंगू लागला. इतक्या वर्षांचं गाऱ्हाणं जिभेवर गुळगुळीत झालेलं, एक वाक्य सुटलं की पुढचं आपोआप येतं. मध्येच कुठेतरी 'खान' असा शब्द घालायचा आहे हे त्याच्या ध्यानात होतं, पण घालायला फट सापडेना.

"आणि जो कोण परमुलखाचा वैरी, घोड्यावर बसून, तलवार परजून, लोकांची घरंदारं जाळायला उठंल—"

"व्हय म्हाराजा!"

"त्याचं बळ वाढू देऊ नको! त्याला त्याच्याच दारात बांधून ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" सगळ्यांत मोठ्याने बाबल्या.

आत्मारामने डोळे उघडले. तोंड उघडंच होतं. किनाऱ्यावर लुटारू यायचे त्या काळापासूनचं ते मागणं, दर वर्षीचं, सवयीचं. त्या सवयीने त्याने स्वतःच्या तोंडाने चंगीझखानाला दावं लावलं होतं.

"थांबा," तो म्हणाला. "अजून व्हायचंय! खानाचं मागायचं राहिलं!"

"मागून झालं की," धाकू म्हणाला आणि त्याने नारळ फोडला. "देवानं आयकलंन."

दुपारी जेवताना त्याने पातेलं डोक्यावरून काढून परत चुलीजवळ ठेवलं. हेमाने भात वाढला.

"गाव हसेल," तो म्हणाला. "तुला माहीत आहे. उभ्या गावात मी काशीरामाचा जावई. एक शिमगा, हेमा. एका संध्याकाळपुरता मी खान झालो असतो. मुंबईहून पोरं येतात बोटीने, त्यांनी परत जाऊन सांगितलं असतं, आत्माराम भाटकर म्हणून कोणी आहे. आता रंगभूमीवरही जावईच!"

हेमाचा हात भाताच्या पळीवर थांबला.

"हसले तर हसू देत. आजवर तुम्हाला बघून कोणी हसलंय? मेलात की टाळ्या वाजवतात."

"टाळ्या त्या टाळ्या."

"तुमच्या त्या खानाने शहरंच्या शहरं कापली. दुसऱ्या अंकात लाखभर माणसं मेली असती. मी विंगेत बसून एकेक नगर मोजायचं आणि तुम्ही 'हा हा हा' करायचं? मला नाही लिहवलं. बसले होते लिहायला, पण नाही लिहवलं."

आत्माराम भात कालवत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. धारा काढीन. पण शेवटचं वाक्य माझं मी बोलेन."

शेवटचं वाक्य म्हणजे असं: तेमूजिनच्या टोळीची माणसं घोडा घेऊन येतात, म्हणतात चल, सरदार हो. बायको बोर्ते विचारते, 'जाताय?' त्यावर त्याने म्हणायचं, 'जाऊन काय करू? दूध नासेल.' आत्मारामने ठरवलं होतं, तिथे तलवार उपसायची आणि गरजायचं: 'मी चंगीझखान!' मग देव काय करायचं ते करो.

"अहो," हेमा म्हणाली. "ते वाक्य बदलायचं नाही."



शिमग्याच्या संध्याकाळी मांडव खच्चून भरला. चाकरमानी पुढे, म्हातारे खुर्च्यांवर, बायका उजव्या बाजूला झापाच्या आड. गॅसबत्त्या सूंऽऽ करत होत्या. पहिला अंक मास्तरांचा, गंभीर. लोकांनी तो सुपारी कातरत काढला.

दुसऱ्या अंकाला आत्माराम बादली घेऊन आला. सवयीने छातीत 'हा हा हा' उठलं. त्याने ते गिळलं. गिळताना डोळे असे काही बाहेर आले की पुढच्या रांगेतला मुंबईच्या गिरणीतला एकजण फिस्सकन हसला. मग त्याच्या शेजारचा. तेवढ्यात बोर्ते झालेला बाबल्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ऐकलंत का? बादली काय दाखवायला आणलीत?" आणि झापाआडच्या बायका अशा हसल्या की मांडवाचा एक बांबू सुटला. त्यातल्या प्रत्येकीच्या घरी एकेक खान होता.

आत्माराम गोंधळला. हे काय चाललंय? तो घोडीजवळ, म्हणजे घोंगडीखालच्या दोन पोरांजवळ, बसला, हसले. घोडीने लाथ मारली, हसले. त्याने नुसतं बाबल्याकडे बघितलं आणि मान खाली घातली, तर टाळ्या पडल्या. आणि तो मेलेला नव्हता! तिसरा अंक लागला तरी तो जिवंत होता. तिसऱ्या अंकात जिवंत असण्याची त्याला सवयच नव्हती. हातांचं काय करायचं ते कळेना.

तिसऱ्या अंकात एक फिरता व्यापारी तेमूजिनच्या तंबूत येऊन बसला आणि जगाची खबर सांगू लागला. बगदाद जागेवर आहे. तिथल्या ग्रंथांना वाळवी लागली, पण आग नाही लागली. बुखाऱ्याच्या बागांत फळं आहेत. समरकंदच्या बाजारात माणसं भावावरून भांडतायत. आणि कोकणातून गलबतं येतात, खलिफाच्या जेवणात आंब्याचं लोणचं असतं. (इथे हरिहरपंतांनी खुर्चीवरून टाळी वाजवली.)

"एवढं सगळं आहे तसं आहे?" आत्मारामने विचारलं.

"आहे तसं."

"मग मी काय करत होतो?"

"तुम्ही धारा काढत होता."

कोणी हसलं नाही. कोणीतरी खोकलं, तेही दबून. आत्मारामला त्या शांततेची भीती वाटली आणि ती आवडलीही.

मग टोळीची माणसं आली. बांबूचा घोडा घेऊन, झेंडा घेऊन. चल, सरदार हो. ठरल्याप्रमाणे एकाने त्याच्यापुढे तलवार धरली. हीच ती जागा. आत्मारामचा हात मुठीवर गेला. आवाज पोटातून वर यायला लागला, कचेरीचा व्हरांडा हलवणारा आवाज. मांडव वाट बघत होता.

बाबल्याने कमरेवरचे हात काढले. "जाताय?"

विंगेतून हेमा कुजबुजली, "जाऊन काय करू, दूध नासेल."

आत्मारामने मूठ सोडली नाही.

"जाऊन काय करू," हेमा पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

पुढच्या रांगेतल्यांनी ऐकलं. तरी तो बोलला नाही. तलवार मुठीत होती, बादली पायाशी होती. त्याने मान वळवून विंगेत पाहिलं. झापाच्या फटीत हेमाचा चेहरा. हातात पुस्तक नव्हतं. तिला कधी लागतच नसे. तिने बाबल्याचंच वाक्य आपलं म्हणून विचारलं.

"अहो... जाताय?"

आत्मारामने तलवार बाबल्याच्या हातात दिली. वाकून बादली उचलली. विंगेकडे गेला नाही, घोड्याकडेही गेला नाही. रंगमंचाच्या पुढच्या फळीवरून खाली उतरला, पाय आवरून घेणाऱ्या चाकरमान्यांच्या मधून, पंतांच्या खुर्चीला वळसा घालून, बादलीत दूध म्हणून भरलेलं पाणी हिंदकळवत, एक शब्द न बोलता, दूध नासायच्या आत पोचायला हवं अशा पावलांनी मांडवाबाहेर चालता झाला.